चौकटीवरच्या खुणा

“चौकटीला हात लावू नका हं, मिस वेल्मा! रंग ओला आहे!”

केकचं ताट दोन्ही हातांत धरून आत शिरलेली वेल्मा जागच्या जागी थांबली. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराशी ऑली गुडघे टेकून बसला होता आणि चौकटीच्या तळाला पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात देत होता. नाकावर रंगाचा ठिपका, डोक्याला जुना रुमाल.

वेल्माची नजर चौकटीवरून वर गेली आणि तिथेच राहिली.

“खुणा गेल्या वाटतं,” ती हळूच म्हणाली.

“कसल्या? हां, त्या होय.” ऑलीने ब्रश डब्याच्या काठावर निपटला. “ममाच म्हणाली.”

आतून, शेगडीपाशी कोंबडी तळणाऱ्या जोनेलचा आवाज आला. “मग काय करणार? कॉलेजची कोच घरी येणार, आणि दारावर ह्या पेन्सिलीच्या रेघोट्या! हा शनिवार-रविवार रंगाऱ्याकडे कामाला जातो ना, म्हटलं, लोकांची घरं रंगवतोस, एकदा आईचंही रंगव.”

तेवढ्यात टालिया जिन्यावरून धडधडत खाली आली. सहा फूट उंच, हातपाय लांबलचक. “मिस वेल्मा, हा पिवळा शर्ट बरा दिसतो का हो?”

“केळं दिसतेस,” ऑली म्हणाला.

“तू गप रे, बुटक्या!”

भावंडांची ही नेहमीचीच जुगलबंदी. ऑली हसला, टालियाने त्याच्या डोक्यावरचा रुमाल ओढला. वेल्माला मात्र तो शब्द लागला. ती केक ठेवायला आत गेली.

अमेरिकेतल्या त्या कोकोमो गावात वेल्मा प्रुइटला ओळखत नाही असं बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांचं घर नव्हतं. शाळेच्या भोजनगृहात वाढायचं काम करून तिने उभा जन्म काढला, आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पोरांची टीम सांभाळली. पोरांना खेळ शिकवायला दुसरे होते. वेल्मा आईबापांना शिकवायची. उन्हाळ्यात कोणत्या लीगमध्ये खेळवायचं, कुठे नुसतीच फी उकळतात. चकचकीत कागदावर, आमच्याकडून खेळायला या असं कॉलेजचं पत्र आलं म्हणून नाचू नका, तसलं पत्र हजारांना जातं, कोचने स्वतः फोन केला तर ते खरं. तिचा आवाज मुळातच बारीक. पण त्या आवाजाला वजन होतं, कारण वेल्मा खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. हॉलमध्ये कुणी खोटं बोललं तर ती ओरडायची नाही. शेजारी बसून नुसती बघायची. पोरं म्हणत, त्यापेक्षा छडी परवडली.

आणि तिचा नेम होता. पहाटे, अन्नाचा कण पोटात जाण्याआधी, पलंगाशी गुडघे टेकून हॉलमधल्या एकेका पोराचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकासाठी काहीतरी मागायचं. ताप असो, बर्फ पडो, नेम चुकला नाही.

ऑलीच्या नावापाशी ती उंची मागत आली होती.

ऑली आठवीत होता तेव्हा गावोगावी सामने खेळणाऱ्या एका मोठ्या क्लबचा माणूस हॉलमध्ये आला होता. पोराचे हात बघून म्हणाला, “सोनं आहे हे. पण घाई करू नका. एक वर्ष मागे ठेवा, आठवी पुन्हा करू द्या. बारावीत येईल तोवर बरोबरच्यांमध्ये बाप्या दिसेल.” त्या भागात अशी रीतच पडली होती. पोरगं नापास नसतानाही नुसत्या खेळासाठी एक यत्ता पुन्हा करायची, म्हणजे हाडापेराने वर्षभर मोठं होऊन ते कॉलेजवाल्यांच्या नजरेत भरतं. वेल्माने असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण तो माणूस जाताना म्हणाला होता, “तुमच्यासारखी जाणती बाई इथे आहे म्हणून हे पोर वर आलं.” त्या एका वाक्याने ती विरघळली होती.

जोनेल काही केल्या ऐकेना. “माझा पोरगा ढ नाहीये, मिस वेल्मा! धाकटी बहीण त्याच्या वर्गात येईल. लोक काय म्हणतील त्याला?” वेल्मा तीनदा त्या घरी गेली. तिसऱ्या खेपेला, याच स्वयंपाकघरात, ती म्हणाली, “मी प्रार्थना केलीय, जोनेल. देवाने मला सांगितलंय.”

जोनेलने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन ऑलीला आठवीतच ठेवा म्हणून सांगून आली.

प्रार्थना वेल्माने केली होती, हे खरं. पण देवाने काही सांगितलं नव्हतं. पलंगाशी बसून बसून गुडघे दुखले होते आणि तिकडून अवाक्षर आलं नव्हतं.

मग सुरू झालं ते मोजणं. रविवारी चर्चहून आल्यावर ऑली या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा, वेल्मा त्याच्या डोक्यावर भजनांचं पुस्तक आडवं धरून खूण करायची. सुरुवातीच्या खुणा सुट्या सुट्या होत्या. पुढच्या जवळजवळ आल्या. शेवटी शेवटी तर एकावर एक पडून नुसती एक जाड काळी रेघ झाली. ऑलीची वाढ तिथेच संपली. क्लबच्या माणसाने फोन उचलणं सोडलं. आणि टालिया भावाच्या वर्गात आली, त्याच्या खांद्याला लागली, मग डोक्यावरून गेली.

आज कोच येणार होती ती टालियासाठी. वेल्माने पहाटे गुडघे टेकून ठरवलं होतं, आज बोलायचंच. या कोचच्या कॉलेजात मुलांचीही टीम आहे. तिथल्या कोचच्या कानावर घाला म्हणायचं. ऑलीला बाकावर बसवा, पण घ्या. निदान एवढं तरी आपल्या हातून निस्तरलं जावं.

कोच हार्मन वेळेवर आली. उंच, मोकळ्या हसण्याची बाई. ऑलीने दार उघडलं, तिचा कोट घेतला, चौकटीपाशी “सांभाळून हं, मॅम” म्हणत आत आणलं. जेवणं सुरू झाली. कोचने कोंबडीची तारीफ केली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, जोनेल खुलली. अमका सामना, तमका बास्केट, टालियाचा डावा हात, अशा गप्पा रंगल्या. मग कोच सहज ऑलीकडे वळली.

“आणि तू कितवीत?”

“बारावीत, मॅम.”

“ही पण बारावीतच ना?” कोच हसली. “म्हणजे जुळी की काय?”

जोनेलच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. टालिया ताटात बघू लागली. वेल्माच्या कानशिलांना धग लागली. बोल, ती स्वतःला म्हणाली, आता नाही तर कधी? तिने तोंड उघडलं.

“कोच, तसं नाही. हा मुलगा खरं म्हणजे…”

“हो, जुळीच, मॅम,” ऑली म्हणाला. “मी जरासा आधीचा. हिने वाट बघायला लावली. अजून लावते, बाथरूमबाहेर.”

कोच खळखळून हसली. टालियाने टेबलाखालून त्याला लाथ घातली. “मिस वेल्मा,” ऑली तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “तुमचा केक कापू ना?”

हॉलमध्ये खोटं बोलणाऱ्याकडे नुसतं बघणारी वेल्मा त्याच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. तिने मान हलवली.

केक खाऊन झाल्यावर कोचने रुमालाने बोटं पुसली आणि सरळच सांगितलं, टालिया त्यांना हवी आहे. शिकणं, राहणं, खाणं, सगळं कॉलेज बघेल. जोनेल रडायलाच लागली. कोच निघायला उठली तशी ती वेल्माच्या गळ्यात पडली. “हे सगळं तुमच्यामुळे! तुम्ही नसता तर आम्हा अडाण्यांना काय कळलं असतं यातलं?” वेल्मा काठीसारखी ताठ उभी राहिली. पाठीवरून हात फिरवायचंही तिला सुचलं नाही.

मायलेकी कोचला गाडीपर्यंत सोडायला बाहेर गेल्या. ऑली ताटं गोळा करत होता. वेल्मा त्याला मदत करायला स्वयंपाकघराकडे वळली. दारात तिने हात टेकला, तो नेमका चौकटीवर.

“अरे देवा! काय केलं मी हे!”

ताज्या रंगात पाच बोटं उमटली होती. बरोबर जिथे ती जाड रेघ होती, तिथे.

“असू द्या, असू द्या. पुसू नका, कपड्यांना लागेल.” ऑली ओलं फडकं घेऊन आला. तिचा हात हातात धरून एकेक बोट पुसू लागला, लहान मुलाचं पुसावं तसं.

“ऑली,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हणाले ना, की देवाने…”

“माहितेय मला.”

“काय माहितेय?”

“देवाचं काही सांगायचं असलं ना, की तुमचा आवाज अजूनच बारीक होतो. हॉलमध्ये आम्हाला कान टवकारून ऐकावं लागायचं.” तो अंगठा पुसत होता. “त्या दिवशी मी जिन्यात बसलो होतो. मला वरपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.”

वेल्माच्या डोळ्यांपुढे तो जिना उभा राहिला आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं आठवीतलं पोर.

“मग बोलला का नाहीस रे?”

“ममाचा विश्वास बसला होता.” त्याने खांदे उडवले. “आणि मलाही उंच व्हायचं होतंच की.”

“मी कोचशी बोलते. अजून अंगणात असेल ती. मुलांच्या टीमला…”

“नको, मिस वेल्मा.” तो अदबीने बोलला, पण त्यात वादाला जागा ठेवली नाही. “आता मला मोजू नका कुणी.”

त्याने फडकं धुऊन पिळलं, डबा उघडला. ब्रश बुडवला, काठावर निपटला आणि तिच्या बोटांच्या ठशावरून वरून खाली एकाच लयीत फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. चौकट होती तशी पांढरी झाली.

“घ्या. आता जरा लांबून जा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे वेल्माने नेहमीसारखे गुडघे टेकले. नावं घेतली, ज्याचं त्याचं मागणं मागितलं. टालियासाठी आभार मानले. मग ऑलीचं नाव आलं. ते तिने उच्चारलं आणि त्याच्यापुढे काय ठेवावं ते तिला कळेना. ती तशीच बसून राहिली. बाहेर उजाडलं. जोडलेल्या हातांवर उजेड आला, तेव्हा तिला दिसलं की एका नखाखाली पांढरा रंग राहिला आहे.