तिरानचा मेंढा

मेरुझानने गेल्या पाच वर्षांत एकाही चर्चचा उंबरठा ओलांडलेला नाही, आणि आमचा धंदाच मुळी परदेशी पाहुण्यांना आर्मेनियातली चर्च दाखवायचा. दाखवते मी, गाडी चालवतो तो. हजार-हजार वर्षांच्या दगडांपुढे उभी राहून मी घसा कोरडा करते आणि हा बाहेर अक्रोडाच्या सावलीत सिगारेट ओढत बसतो. पाहुण्यांनी आत बोलावलं तर उत्तर ठरलेलं, "गाडीकडे कोण बघणार?" त्याची ती खटारा गाडी फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. पूर्वी मी हे त्याला तोंडावर म्हणायचे. हल्ली म्हणत नाही.

पूर्वी तोच सगळ्यांच्या आधी आत जायचा. मेणबत्ती लावायचा आणि आमच्या रीतीप्रमाणे वेदीकडे पाठ न करता उलट्या पावलांनी बाहेर यायचा. मग युद्ध झालं. त्याचा एकुलता एक मुलगा तिरान तेव्हा सैन्यात होता, एकोणीस वर्षांचा. तो मेलेल्यांत सापडला नाही, कैद्यांत नाही, इस्पितळातही नाही. मेरुझान आणि त्याची बायको नाझिक, दोघांनी आपलं रक्त देऊन ठेवलंय, मिळालेल्या हाडांशी ताडून बघायला. अजून काही जुळलेलं नाही.

तिरान सीमेवर गेला त्याच आठवड्यात दोघांनी गेघार्दच्या चर्चमध्ये नवस बोलला होता. पोरगा सुखरूप आला की मताघ करू. म्हणजे मंत्रलेलं मीठ चाटवून मेंढा कापायचा, मांस नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवायचं आणि सात घरी वाटायचं. दुसऱ्याच दिवशी मेरुझानने वर्षाचा मेंढा आणून त्याच्या शिंगाला लाल फीत बांधली. नवसाचं जनावर विकत नाहीत, घरी कापून खात नाहीत. ते वाट बघतं. त्याच्या घरामागच्या गोठ्यात तो मेंढा पाच वर्षं वाट बघत होता.

गेल्या ऑक्टोबरात आझनिवबाई आल्या. ब्वेनोस आयरेसच्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. आमची अख्खी गाडी त्यांनी एकटीसाठी घेतली होती. बोलायच्या आर्मेनियनच, पण आजीच्या पेटीतून काढलेल्या शालीसारखं, जुन्या घडीचं. पहिल्या दिवशी आम्ही खोर विरापच्या मठात गेलो. तिथून सीमेपलीकडे राहिलेला आमचा अरारात डोंगर इतका जवळ दिसतो की परदेशातून आलेले आपले लोक हमखास रडतात, म्हणून मी रुमाल हाताशी ठेवते. बाईंनी डोंगराकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"फोटो काढू का, काकू?"

"डोंगर काय पळून जातोय? मी कामाला आलेय, पोरी. मला मताघ करायचंय. मेंढा मिळेल?"

"मिळेल की. कुणासाठी?"

"भावासाठी. होव्सेप नाव."

"बरं नाही का त्यांना?"

"नाही. आत्म्यासाठी करायचंय."

हे विचारावंच लागतं. मताघ जिवंत माणसासाठी असतं तसं मेलेल्यासाठीही असतं. मांस तेच, मीठ तेच. फक्त वाटताना घेणाऱ्याने काय म्हणायचं ते बदलतं. जिवंतासाठी असेल तर घेणारा म्हणतो, "मान्य होवो." मेलेल्यासाठी असेल तर म्हणतो, "देव त्याच्या आत्म्याला उजेड देवो."

परतताना गाडीत मेरुझान एकदम म्हणाला, "मेंढा मी आणतो. रविवारी गेघार्दला जाताना वाटेत घेऊ."

मला वाटलं गावातल्या कुणाकडून घेईल. त्याचं गाव गेघार्दच्याच रस्त्यावर आहे. मी डोळे मिटून घेतले, कारण दिवसभर चालून-बोलून माझे पाय आणि जीभ दोन्ही दुखत होते.

रविवारी सकाळी त्याने गावाच्या फाट्यावर गाडी उभी केली आणि आम्हाला म्हणाला, "इथंच बसा, आलोच." घरापर्यंत गाडी जात असताना फाट्यावर कशाला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. थोड्या वेळाने तो दोरीला धरून मेंढा घेऊन आला. मोठा, पांढरा, पण पोट खपाटीला गेलेलं. डाव्या शिंगाच्या बुडाशी एक लाल धागा अडकून राहिला होता. फीत कुणीतरी घाईघाईने कापल्यासारखा.

मी गाडीतून उतरले. "मेरुझान, हा तिरानचा मेंढा आहे."

"मेंढा आहे. मागचं दार उघड."

"दार गेलं खड्ड्यात! नाझिकला विचारलंस?"

"ती चर्चला गेलीय गावातल्या. आल्यावर सांगेन, दोरी तोडून पळाला म्हणून. लांडग्याने नेला म्हणेन."

"वा! आणि ती ऐकून घेईल?"

त्याने दोरी मनगटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "दात गेलेत त्याचे, सिरानुश. पुढचे सगळे. गवत तुटत नाही, नुसता चघळत बसतो. हा हिवाळा काही काढत नाही तो. एक दिवस सकाळी नाझिक गोठ्यात जाईल आणि हा मेलेला असेल. नवसाचा मेंढा वाट बघून बघून मेला, याचा अर्थ ती काय लावेल? सांग ना, तुला फार कळतं."

मला त्याचा राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली होती. तो मेंढा गोठ्यात आहे तोवर तिरान कुठेतरी आहे, असं मीही धरून चालले होते. त्याच्या बारशाला मी नाचले होते.

"त्यापेक्षा कुणाच्या तरी आत्म्याच्या कामी येऊ दे," तो म्हणाला. "फुकट देतोय मी."

गाडीची काच खाली होती. आझनिवबाईंनी दार उघडलं, काठी टेकवत उतरल्या आणि थेट मेंढ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या शिंगावरचा लाल धागा त्यांनी बोटाने चाचपला.

"मुलगा?" त्यांनी विचारलं.

मेरुझानने मान डोलावली.

"सापडला नाही?"

"नाही."

"मग हा माझ्या भावाच्या नावाने कसा कापू मी? अडाणी आहेस का तू?" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मेंढाही दचकला. "चल, घरी घेऊन चल. बायको कुठाय तुझी?"

म्हाताऱ्या माणसांपुढे मेरुझानचं काही चालत नाही. मेंढा मागच्या बाजूला चढवला आणि आम्ही त्याच्या घरी गेलो.

नाझिक चर्चमधून आली होती. डोक्यावरचा रुमाल अजून सोडलेला नव्हता. गोठ्याचं दार सताड उघडं होतं आणि ती कापलेली फीत हातात घेऊन अंगणात उभी होती. गाडीच्या मागच्या काचेतून मेंढ्याचं तोंड दिसलं तसं तिला सगळं कळलं.

"कुणाला देत होतास?" तिने विचारलं.

"नाझिक, ऐक..."

"कुणाला देत होतास, विचारतेय मी!"

"त्याचे दात गेलेत. तुला धक्का बसू नये म्हणून..."

"मला सांगतोस दात गेलेत?" ती त्याच्या अंगावर धावून गेली आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. "उन्हाळ्यापासून रोज कोंडा भिजवून कोण भरवतंय त्याला? तुझा बाप? हाताने भरवते मी! तू उठायच्या आधी भरवते, तुला दिसू नये म्हणून!"

मेरुझान मार खात उभा राहिला. नंतर हळूच म्हणाला, "मला कशाला दिसू नये?"

"तू रोज सकाळी आधी गोठ्यात डोकावतोस आणि मग चहा पितोस. तो उभा दिसला की चहा पितोस. म्हणून." तिचे हात थांबले. "तुझ्यासाठी जगवत होते रे त्याला."

इतकी वर्षं मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसतेय, पण त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. मी तोंड फिरवून गोठ्याकडे बघत राहिले.

आझनिवबाई अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या बोलायला लागल्या. "आमच्याकडे ब्वेनोस आयरेसला तेव्हा लष्कराचं राज्य होतं. होव्सेपला जेवणाच्या टेबलावरून उचलून नेलं. सूप अर्धं राहिलं होतं. त्या दिवसापासून माझी आई रोज त्याचं ताट वाढायची. आम्हा कुणाला त्याच्यासाठी प्रार्थना म्हणू दिली नाही तिने. म्हणायची, जिवंत माणसासाठी मेलेल्याची प्रार्थना म्हणाल तर जीभ झडेल. मला फार राग यायचा तिचा. माझं लग्न झालं, मुलं झाली, कुणी विचारलं नाही. सगळं त्या ताटाभोवती."

"मग?" नाझिकने विचारलं.

"मग ती गेली. त्या दिवशी ताट मी उचललं, धुतलं, पुसून फळीवर ठेवलं. तेव्हा वाटलं, हे तिच्या हाताने झालं असतं तर बरं झालं असतं. तिच्यासाठी बरं झालं असतं." त्यांनी नाझिककडे पाहिलं. "तुमच्यामागे कोण आहे, पोरी? ताट उचलायला?"

इतकं क्रूर बोलणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि ते इतक्या मायेने बोललेलंही ऐकलं नव्हतं. बाईंचा हात धरून त्यांना गाडीत नेऊन बसवावं असं वाटलं. पण नाझिक चिडली नाही. ती उभी राहिली आणि घरात गेली. बराच वेळ आली नाही. आतून कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मेरुझान आत निघाला होता, त्याला मी बाहीला धरून थांबवलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात मिठाची पुडी होती, दुसऱ्या हातात नवी लाल फीत. गाडीचं मागचं दार उघडून तिने मेंढ्याच्या शिंगाला फीत बांधली, नीट गाठ मारून.

"काकू, तुमच्या भावासाठी आमचा कोंबडा घ्या," ती म्हणाली. "मताघला तोही चालतो, धडधाकट आहे. चला, उशीर होतोय."

गेघार्दला फाटकाबाहेर गाता नावाचा गोड पाव विकणाऱ्या बायका मेरुझानला ओळखतात. रोज त्या त्याची टर उडवतात. त्या दिवशी नाझिकला आणि मेंढ्याला पाहून एकीने पटकन डोक्यावर रुमाल घेतला.

फादरनी आधी कोंबड्याचं मीठ मंत्रलं, होव्सेपचं नाव घेतलं. आझनिवबाईंनी काठी मला दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. मग फादर नाझिककडे वळले.

"जिवंतासाठी की आत्म्यासाठी?"

नाझिकने मेरुझानकडे पाहिलं. मेरुझानने जमिनीकडे पाहिलं. फादर शहाणे होते, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नुसतं "तिरान" एवढंच नाव घेऊन त्यांनी मीठ मंत्रलं, आणि नाझिकने ते तळहातावर घेऊन मेंढ्याला चाटवलं. दात नसलेल्या तोंडाने त्याने तिचा हात स्वच्छ चाटून काढला. रोजचीच सवय होती ती.

कापायच्या जागी नेईपर्यंत तो अगदी शहाण्यासारखा चालला. मेरुझान दगडी भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला. मी पाहिलं नाही. मला ते कधीच पाहवत नाही.

मांस त्यांच्याच अंगणात शिजवलं. मी लाकडं सारली, आझनिवबाई फेस काढत बसल्या. जून मांस, शिजायला संध्याकाळ झाली. मग नाझिकने ते लवाशच्या पातळ रोटीत गुंडाळून सात ताटल्या भरल्या आणि आम्ही निघालो. नाझिक पुढे, तिच्यामागे मेरुझान आणि मी ताटल्या घेऊन.

पहिलं घर आर्पिक आजीचं. तिरान लहान असताना तिच्या जर्दाळूच्या झाडावर असायचा, आणि ती खालून शिव्या द्यायची. गेली पाच वर्षं नाझिक रस्त्यात भेटली की "येईल गं, येईल" एवढंच आजी म्हणायची. तिने दार उघडलं, ताटली पाहिली, मागे उभा मेरुझान पाहिला. ताटली तिने दोन्ही हातांनी घेतली.

आता तिने काहीतरी म्हणायला हवं होतं. तसं म्हटल्याशिवाय दिलेलं पूर्ण होत नाही. तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. ती नाझिकच्या तोंडाकडे बघत राहिली. चुकीचं निघालं तर, याची भीती तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. मी हातातल्या ताटल्या घट्ट धरल्या.

नाझिकने पुढे होऊन आजीचा खांदा धरला.

"उजेडाचं म्हण, आजी," ती म्हणाली.

आर्पिक आजीने ते म्हटलं. म्हणताना तिचा आवाज फाटला, पण तिने सगळं म्हटलं, त्याच्या नावासकट. मागे मेरुझानने डोक्यावरची टोपी काढली.

मग आम्ही पुढच्या दाराकडे वळलो. अजून सहा घरं होती.