तिसरं खातं

इलियासच्या कराडातल्या दुकानात लग्नपत्रिका छापायला येणाऱ्याला फारसं डोकं चालवावं लागत नसे. लागेल तो मजकूर इलियासच्या संगणकात आधीच मुरलेला. नुसतं 'सन' टाइप केलं की 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' अशी अख्खी ओळ उमटायची. 'बि' म्हटलं की निकाहच्या पत्रिकेवरचं बिस्मिल्लाह हजर. अशी शेकडो लघुरूपं त्यानं वर्षानुवर्षं एकेक करून भरली होती. मागे अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनीच त्याला तारलं. डाव्या हातानं दोन अक्षरं दाबली की झालं काम.

आणि आज सकाळी संगणकानं मोठ्या दिमाखात जाहीर केलं, की तुमचं खातं बिघडलंय, तूर्त ह्या कोऱ्या पडद्यावर भागवा.

त्याची बायको फिरदोस हिनं लगोलग मानसिंगला फोन लावला. मानसिंग इलियासचा जुना दोस्त, सांगलीजवळ माधवनगरात संगणक दुरुस्त करायचा. त्यानं फोनवरूनच तिच्याकडून इलियासच्या नावाचं नवं खातं काढून घेतलं. खातं उघडलं, पण आत ठणठणाट. 'सन' टाइप केलं, तर 'सन'च राहिलं.

"जाऊ दे," इलियास म्हणाला. "दुकानाला कुलूप लाव."

आजारपणातही हा माणूस असं बोलला नव्हता.

"भाभी, घाबरू नगा," तिकडून मानसिंग म्हणाला. "जुन्या खात्याचं फोल्डर मशीनमधी हाय. त्यातलं समदं नव्यात टाकायचं. पर नव्यात बसून न्हाई जमायचं. ज्यातनं घ्यायचं न् ज्यात टाकायचं, त्या दोन्ही खात्यांच्या भाईर बसावं लागतं. तिसरं खातं काढा, तुमच्या नावानं. त्यात बसून हिकडचं तिकडं करा."

"करते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि तिसरं खातं काही काढलं नाही. नवरा आजारी पडल्यापासून धाकट्या दिरानं, अजीमनं, एकच टुमणं लावलं होतं, दुकान भाभीच्या नावावर करा. ते ऐकलं की इलियास दिवसभर गप्प बसायचा. आता त्याच्या संगणकावरही आपलंच नाव लावायचं? छे!

म्हणून बाईसाहेब नव्या खात्यातच बसून फायली हलवत राहिल्या. एकदा संगणकानं सरळ नकार दिला. दुसऱ्यांदा अडतील त्या फायली तिनं सोडून दिल्या, काम पूर्ण झाल्याची पाटीही आली, आणि 'सन' मात्र होतं तिथंच. तिनं रडकुंडीला येऊन पुन्हा फोन लावला.

"तिसऱ्या खात्यातनं केलं न्हवं?" मानसिंगनं विचारलं.

तिनं नुसती नकाराची मान हलवली. फोनचा स्पीकर चालू होता. खुर्चीतून इलियास म्हणाला, "का गं, तिसरं खातं का काढलं न्हाईस?"

"आवं, तुमच्या मशीनवर माझं नाव कशाला? लोक म्हणतील, नवरा बसलाय तवर हिनं दुकान ताब्यात घेतलं."

इलियास म्हणाला, "लोकं येणार हायत व्हय हितं बसून पत्रिका टाइप करायला? सरक तिकडं."

त्यानं डाव्या हातानं स्वतःच तिचं नाव टाइप केलं. फिरदोस ह्या नावाला लघुरूप नव्हतं. एकेक अक्षर शोधून त्यानं ते पुरं लिहिलं.

पुढचं मानसिंग सांगत गेला, ती करत गेली. ह्यावेळी एकही फाइल अडली नाही. तिनं आपलं खातं बंद केलं, इलियासचं उघडलं आणि त्याची खुर्ची पुढे सरकवून दिली. त्यानं दोन अक्षरं दाबली. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.'

फिरदोसला इतकं हलकं वाटलं, की ती तिथल्याच कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली. इलियास एकामागून एक लघुरूपं दाबून बघत होता. कुलपाचं नावही आता त्याच्या तोंडात नव्हतं.

"झालं न्हवं?" मानसिंग म्हणाला. "आता ते तिसरं खातं पुसून टाका."

"ऱ्हाऊ दे," इलियास म्हणाला. "उलट माझं हे समदं तिच्या खात्यातबी घालायचं. माझा हात थकला की ती बसंल."

फिरदोसचा पदर पुन्हा डोळ्यांकडे गेला.

"घालूया की," मानसिंग हसत म्हणाला. "पर त्याला चौथं खातं काढावं लागंल, गड्या!"