छोट्या लाइनचा लाल

विनताबाईंच्या हातून रंगून गेलेला दुपट्टा आजवर कधी परत आला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. जबलपुरात चेरीतालच्या गल्लीतलं त्यांचं मॅचिंग सेंटर चौतीस वर्षांचं. पुढे फॉल, अस्तर आणि ब्लाउजपिसांची कपाटं, मागच्या अंगणात गॅसची शेगडी आणि तीन मोठी पातेली. सलवार-कमीज दाखवायचा, पांढरा दुपट्टा ठेवून जायचं आणि संध्याकाळी त्याच रंगाचा घेऊन जायचं. पार पनागर गावाहून बायका लग्नसराईत वाटेतली दहा दुकानं सोडून इथे येत. हल्ली रेडीमेड सेट निघाल्यापासून गर्दी ओसरली होती, पण बाईंचा ताठा तिळभरही उतरला नव्हता.

अशा दुकानात सुमेध एका सकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करणारा, पस्तिशीचा माणूस. रविवारी दार लावून प्लॅस्टिकचे ठोकळे जोडत बसतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याने पिशवी काउंटरवर उलटी केली. बोटाएवढे चौदा पांढरे तुकडे बाहेर पडले.

"काकू, हे रंगवता येतील का?"

"हे काय होय?"

"गाडीच्या डब्याच्या खिडक्या. बारा खिडक्या आहेत, आणि ही दोन दारं."

"मी कपडा रंगवते बाबा. बादल्या, टमरेलं नाही रंगवत."

सुमेध हसला नाही, तेव्हा बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. मग त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील रामराव छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, गार्ड होते. जबलपूरहून नैनपूरकडे जाणारी ती छोटी गाडी बंद होऊन आता बरीच वर्षं झाली होती. वडिलांचा गार्डाचा डबा ठोकळ्यांतून उभा करायचा, असं त्याने मनावर घेतलं होतं. पण ठोकळेवाल्या कंपनीने हे तुकडे डब्याच्या त्या लाल रंगात कधी काढलेच नव्हते, आणि आता पांढरे काढणंही बंद केलं होतं. हे चौदा जमवायला त्याला दोन वर्षं लागली होती. बारा लागणार होते, म्हणजे खिडक्या दोन जास्तीच्या; दारं मात्र मोजून दोनच.

"मग रंगाचा स्प्रे मार ना."

"दुसऱ्या तुकड्यांवर मारून पाहिला. रंगाचा थर बसला की ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत. जोर लावला तर रंग सोलून निघतो. तुमचा पॉलिस्टरचा रंग आत मुरतो, वर थर धरत नाही. म्हणून आलो."

"आणि रामरावजी काय म्हणतात?"

"आधी दोन डबे केले मी, तयार लाल ठोकळ्यांचे. बाबांनी पाहिले, म्हणाले, ही आपली गाडी नाही. आणि पेपर वाचत बसले."

ही गोष्ट बाईंना स्वतःच्या दुकानातून दुपट्टा परत आल्यासारखी झोंबली. "माझ्या हातून रंगला, तर म्हणणार नाहीत," त्या म्हणाल्या. म्हणून मोकळ्या झाल्या, आणि आता ते खरं करणं आलं.

सुमेधने मोबाइलमध्ये डब्याचा जुना फोटो काढून दाखवला. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. "फोनातल्या रंगावर मी रुमालही रंगवत नाही. नमुना पाहिजे. नमुना नसंल तर ज्यानं रंग पाहिला तो माणूस पाहिजे. उद्या अकरा वाजता बाबांना घेऊन ये. तेव्हा दारात ऊन चांगलं असते."

दुसऱ्या दिवशी रामराव आले. एकोणऐंशी वर्षांचे, काठी टेकत, पण ताठ. बाईंनी दारात स्टूल मांडून त्यांच्यापुढे लाल आणि तपकिरी फॉलचा अख्खा खोका ठेवला. रामरावांनी एक एक फॉल उचलून उन्हात धरला, मग सावलीत. सहावा का सातवा हातात येताच म्हणाले, "हा." विटेसारखा लाल, पण तपकिरीकडे झुकलेला.

"अजून पाहून घ्या, घाई नाही," बाई म्हणाल्या.

"कशाला? तीस वर्षं याच्यात बसलो मी."

बाईंना हा माणूस फार आवडला. एकेक बाई फॉल निवडायला तासभर लावते आणि शेवटी पहिलाच घेऊन जाते.

मग बाई कामाला लागल्या आणि पहिल्याच पावलाला चुकल्या. सुमेध सांगत होता, पाणी उकळू देऊ नका. पण पॉलिस्टरला उकळी आल्याशिवाय रंग चढत नाही, हे बाईंच्या हाडीमांसी खिळलेलं. "मले शिकवून राहिला का तू?" असं म्हणून त्यांनी खळखळत्या पाण्यात एक जास्तीची खिडकी सोडली. वीस मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढली. रंग सुरेख आला होता, पण खिडकी पापडासारखी वाकली होती.

बाईंनी वाकडी खिडकी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. हा कपडा नाही, हे मी विसरली. चलो, दुसरी दे."

या वेळी आच मंद ठेवली. पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरतात पण वर येत नाहीत, तिथे बाईंनी पाणी रोखलं. सुमेधने घरून थर्मामीटर आणला होता. बाईंनी तो हाताने बाजूला सारला, आणि सुमेधने गुपचूप बुडवून पाहिला तर अठ्ठ्याहत्तर अंश. त्याला हवं होतं तेवढंच. खिडकी वीस मिनिटांनी गुलाबी झाली, चाळीस मिनिटांनी लाल. रंगात चिमूटभर काळा वाढवून बाईंनी तिला आणखी दहा मिनिटं ठेवलं. मग धुऊन, पुसून, वाळवून त्या दारातल्या उन्हात गेल्या आणि तिला फॉलवर ठेवलं. रंग तंतोतंत जुळला होता. सुमेधने तिच्या टोकाला एक ठोकळा दाबून पाहिला. टक् करून बसला.

आता खरे बारा. सुमेधचं म्हणणं, एकेक करूया. एखादा बिघडला तर बाकीचे तरी वाचतील.

"आणि बारा रंगांचे बारा तुकडे होतील, त्याचं काय? पहिली निघाली की पाण्यातला रंग कमी झाला. एका साडीचं सगळं सामान मी एकाच पाण्यात घालते. घालीन तर सगळे एकदम."

"काकू, बिघडले तर माझ्याजवळ एकही नाही."

"माहीत आहे मला. काहून घाबरून राहिला? मी घाबरली का?"

बाई घाबरल्या नव्हत्या, हे खरं होतं. एकदा चुकल्या होत्या आणि कुठे चुकल्या ते त्यांना कळलं होतं. त्यापुढे भीतीला जागा उरली नव्हती. जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात त्यांनी बाराही तुकडे सैल बांधले, बुडाला टेकू नयेत म्हणून काठीला लटकवून पाण्यात सोडले आणि पन्नास मिनिटं जागेवरून हलल्या नाहीत. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला तिथूनच हाक मारून बसवून ठेवलं. सुमेध अंगणात येरझारा घालत होता. "बस ना बाप्पा एका जागी," त्या म्हणाल्या, "मच्छरदाणीपेक्षा तूच जास्त हलून राहिला."

पुरचुंडी उघडली. बाराही तुकडे सरळ होते, आणि बाराही एका रंगाचे. सुमेध मटकन ओट्यावर बसला. बाई म्हणाल्या, "आता गाडी जोड, आणि रविवारी इथंच आण. बाबांना मी दाखवीन."

रविवारी डबा काउंटरवर आला. काळी चाकं, राखाडी छत, दोन्ही बाजूंची भिंत म्हणजे पाच पाच खिडक्या आणि एकेक दार. बाईंनी दुकानातल्या सगळ्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि डबा दारातल्या उजेडात सरकवला. रामराव स्टुलावर बसले, चष्मा लावला, बराच वेळ पाहत राहिले.

"हा नाही," ते म्हणाले.

चौतीस वर्षांत हे दोन शब्द बाईंच्या काउंटरवर कुणी उच्चारले नव्हते. त्यांनी तो फॉल काढला आणि खिडक्यांवर आडवा धरला. फॉल कुठे संपतो आणि खिडकी कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं.

"रामरावजी, हा तुमच्याच हातचा नमुना. यात आणि त्यात फरक दाखवा मला."

"रंगात फरक नाही," रामराव म्हणाले. "रंग बरोबर आहे ताई. पण आमचा डबा असा नव्हता. धुरानं काळा झालेला, उन्हानं उडालेला. एवढा नवा मी नाही पाहिला कधी."

सुमेधचं तोंड उतरलं. "मी थोडा मळवतो बाबा. वरून काळं लावतो, जुना दिसेल."

"हात लावू नको त्याला," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, पण अक्कल जागेवर होती. उडालेला रंग पाहून मूळ रंग ओळखायचा, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं. "रामरावजी, तुम्ही ड्यूटीवर लागले, त्या पहिल्या दिवशी कसा होता डबा?"

"पहिल्या दिवशी?" रामरावांची नजर दाराच्या त्या छोट्या तुकड्यावर खिळली होती. "पहिल्या दिवशी ओला होता," ते हळूच म्हणाले. "त्याच सकाळी रंगवून आणला होता. मला कोणी सांगितलं नाही. नवा पांढरा ड्रेस घालून चढायला गेलो, तर बाही दाराला घासली. सगळा प्लॅटफॉर्म हसला. माझ्या आईनं घासून घासून धुतली, पण तो लाल काही गेला नाही. मी तेवीस वर्षांचा होतो."

सुमेधने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. तो वडिलांकडे पाहतच राहिला. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पदराने उघडपणे पुसले.

"मग ही गाडी कोणाची, रामरावजी?"

रामरावांनी काठी भिंतीला टेकवली, सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत नीट दुमडून घेतली आणि मगच एका बोटाने ते दार उघडलं.