कोंबडा भैरूच्या घरात का शिरला

कोंबडाचोरीच्या खटल्याचं निकालपत्र लिहिताना न्यायाधीशाला घाम फुटावा, म्हणजे कमालच! पण आम्रपाली मॅडमना फुटला होता. साक्षीपुरावा संपलेला, डोक्यात सगळं होतं, कागदावर मात्र कारणांचा नुसता काला. आरोपी भैरू आकुर्डीत राहणारा, चाकणच्या कंपनीत कंत्राटी. शिक्षा लागली की गेट पास गेला, आणि गेट पास गेला की पोराबाळांसकट उपाशी. त्याच्या घरात शेजारच्या दौलतरावांचा कोंबडा बांबूच्या पाटीखाली झाकलेला सापडला होता. "आपणहून शिरला जी, कुत्री खातील म्हणून झाकला," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मॅडमचे वडील जयसिंग जन्मभर नाशिकच्या कारखान्यात क्वालिटीला होते; रिटायर होऊन लेकीकडे राहायला आलेले. कोर्टातल्या खटल्याबद्दल ती घरी चकार शब्द काढत नसे. नुसतं म्हणाली, "पप्पा, कारणं लिहायला घेतली की गुंता होतो बघा."

"अगं, मग पाच वेळा 'का' विचार! माल रिजेक्ट झाला की आम्ही तेच करायचो. पहिल्या 'का'ला थांबलं तर बिचारा हेल्पर सापडतो. पाचव्याला खरं कारण."

दुसऱ्या दिवशी तिने स्टेनो निरंजनला समोर बसवलं आणि झपाट्याने सांगायला लागली. कोंबडा भैरूच्या घरात का? घाबरून शिरला. का घाबरला? कंपनीच्या बसने हॉर्न दाबून धरला. का? दौलतरावांचा टेम्पो गल्लीत आडवा. का? चावी खिशात घालून दौलतराव दुसऱ्याच एका केसच्या तारखेला कोर्टात. मग दिवसभर आलेच का नाहीत?

निरंजनची बोटं थांबली. "मॅडम, संध्याकाळपर्यंत बसवून आपणच त्यांना पुढची तारीख दिली होती."

"अगं बाई!" मॅडमनी दार लोटून घेतलं. वरचे साहेब निकालपत्रं तपासतात. "पाचवा काढून टाका."

काढला. तर दौलतराव कोर्टात उगाच हवा खात बसल्यासारखे दिसायला लागले. म्हणून चौथा काढला, तर टेम्पो कुणी सोडला तेच कळेना. तिसरा काढल्यावर ड्रायव्हर वेडा ठरला, दुसरा काढल्यावर कोंबडा वेडा. आणि कोंबडा वेडा असल्याचा पुरावा काही रेकॉर्डवर नव्हता. म्हणून पहिलाही काढला, आणि कागदावर उरला एकटा भैरू.

मॅडमनी त्या जवळपास कोऱ्या पानाकडे पाहिलं. स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"निरंजन, सगळे परत घाला. पाचही."

निकालाच्या दिवशी त्यांनी ते खणखणीत वाचलं. कोंबडा, हॉर्न, टेम्पो, चावी. पाचव्या 'का'लाही थांबल्या नाहीत. "या सर्व प्रकाराचं मूळ याच न्यायालयाने दिलेल्या तारखेत आहे. सबब आरोपी निर्दोष."

दौलतराव आ वासून बसले होते. भैरू मात्र सुटल्याच्या आनंदात नाचायचं सोडून मॅडमकडे काळजीने बघत राहिला. दोन वर्षं तारखा खाल्लेला माणूस. गुन्हा एकाच्या अंगावरून निघाला की दुसऱ्याच्या अंगावर बसतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हात जोडून पुढे आला.

"मॅडम, तुमी अजिबात घाबरू नका," तो हळूच म्हणाला. "तुमाला मी जामीन ऱ्हातो. एक शिफ्ट बुडली तर बुडली."