मांड्यासाठी भादरलेला हात

त्या आखाजीच्या आधी आमच्या गावात दोन बातम्या फिरत होत्या. एक म्हणजे जर्मनाची लढाई पेटली. दुसरी म्हणजे झुलालभाऊनं भटू न्हाव्यापुढे बसून उजवा हात कोपरापर्यंत भादरून घेतला. जर्मनाचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

झुलालभाऊ म्हणजे आमचेच हे. नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये असं मला लहानपणी बजावलं होतं. लिहू नये असं कोणी म्हणालं नव्हतं, कारण मी कधी लिहीन असं कोणाला वाटलंच नव्हतं.

भादरण्याचं कारण माझा डावा खांदा.

पौषात मला ताप आला आणि गेला. नंतर एका पहाटे दळायला उठले, तर डाव्या खांद्यात कोणीतरी तापलेली सळई खुपसून ती सावकाश फिरवतंय असं झालं. मी चार लेकरं जन्माला घातलीत, त्यांतलं एक पायाळू. पण त्या कळांना मधे श्वास घ्यायला जागा होती, हिला नव्हती. निजलं तर दुखे, बसलं तर दुखे, शेजारून कोणी चालत गेलं तर त्याच्या वाऱ्यानंही दुखे. डावा हात तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून मी घरभर फिरे आणि देवांना नावानिशी शिव्या घाली. आधी कुळस्वामिनीला, मग खंडेरावाला. मारुतीला तेवढं सोडलं होतं. म्हटलं, एक तरी आपल्या बाजूला असू द्यावा.

वना भगत आला. माझ्याभोवती फिरून म्हणाला, “भागाबाई, खांद्यावर बाहेरचं बसलंय.”

“वनाभाऊ, त्याला म्हणावं उजव्यावर बस. मांडे करायला मला दोन्ही लागतात, पण निदान आळीपाळीनं तरी बस.”

वनाला थट्टा आवडली नसावी. त्यानं बिब्बा तापवून खांद्यापासून मनगटापर्यंत असे काही ठिपके दिले की हात चित्त्यासारखा दिसू लागला. ठिपके फुगले, चिघळले, आणि बरे होताना काळे-पांढरे डाग ठेवून गेले.

पुढे दुखणं ओसरलं, पण जाताना हात घेऊन गेलं. हात तिथंच लोंबत होता, पण माझं ऐकेना. खांद्याचं मांस वितळलं. पाठीचं पातं कोंबडीच्या पंखासारखं बाहेर आलं. डावा हात किती कामाचा होता ते तेव्हा कळलं. त्याचं एक काम तर उजव्याला करावं लागे. कोणतं ते लिहीत नाही. जेवायला बसले की मलाच आठवे.

ह्यांनी मला गाडीत घालून पाचोऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात वर करायला लावला, टाचणी टोचली, आणि म्हणाले, “बाई, मानेतून हातात ज्या नसा उतरतात, त्यांना सूज आली होती. कधीकधी तापानंतर येते. दुखणं गेलं ना? आता हातही परत येईल. वर्ष लागेल, दोन लागतील.”

“आखाजी पुढच्या महिन्यात आहे,” मी म्हटलं.

“नसांना आखाजी कळत नाही, बाई.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधायचे, आमरस पिळायचा, आणि पुरणाचे मांडे करायचे. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा थापून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि ह्या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा. पार रुमालाएवढा झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. एका हातानं मांडा करणं म्हणजे एका पायानं फुगडी.

तोही सोस मी सोडला असता. पण धुळ्याला दिलेली आमची कुंदा होती. आमच्या गावचा कोणी तरी धुळ्याच्या बाजारात बोलून आला की भागाबाईचा हात वाळला, त्यावर डाग पडलेत, महारोग दिसतो. कुंदाच्या सासूनं, वच्छलाबाईनं, परत येणाऱ्याच्या तोंडी निरोप धाडला. “मी स्वतः आखाजीला येते. विहीणबाईंच्या हातचे मांडे खाईन. हात धड असला तर कुंदाला महिनाभर ठेवीन. नसला तर तिनं ते माहेर विसरावं.”

बिब्ब्याचे डाग आहेत हे धुळ्यापर्यंत ओरडून सांगता येत नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी महारोग्याच्या घरचा माणूस दुसरं काय सांगणार?

मी चुलीपुढे बसून रडत होते, तेव्हा हे दारात येऊन उभे राहिले. हा माणूस दिवसाकाठी चार शब्द बोलतो, त्यांतले दोन बैलांशी. म्हणाले, “मना हात शे ना.” माझा हात आहे ना, एवढंच.

आम्ही दार लावून सराव केला. हे माझ्या डावीकडे मांडीला मांडी लावून बसत. माझा उजवा हात आणि ह्यांचा उजवा हात, मधे मांडा. पहिला मांडा फाटून ह्यांच्या धोतरावर पडला. दुसरा मी ओरडले म्हणून फाटला. तिसरा ह्यांनी नांगर वळवावा तसा वळवला. पण हळूहळू ह्यांना माझ्या मनगटाची चाल कळू लागली. इतकी वर्षं एका घरात काढून आम्ही कधी इतके जवळ बसलो नव्हतो, आणि बसलो तर ते भांडायला.

चौथा मांडा चांगला झाला. खापरावरून काढला, मोडला, तर आत केस. एक नव्हे, सुगीच.

“हे विहीणबाईला वाढलं, तर महारोग राहिला बाजूला, अस्वल पाळलंय म्हणेल,” मी म्हटलं.

हे उठले ते थेट भटूकडे. पुढचं मला भटूच्या बायकोनं सांगितलं. भटूनं विचारलं, “भाऊ, मिशी काढू? कोण वारलं?”

“कोणी नही. हात.”

“कोणाचा?”

“मना.”

संध्याकाळपर्यंत गावानं ठरवून टाकलं की झुलालभाऊ तमाशात बाई होणार. एक हात झालाय, दुसऱ्याचे पैसे जमायचेत.

आखाजीच्या दिवशी वच्छलाबाई आल्या. चाळीसगावला गाडी बदलून पाचोरा, तिथून बैलगाडी. अंगानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. कुंदा सोबत होती, पण वच्छलाबाईंनी गाडीवाल्याला खालीच सांगितलं, “बैलं सोडू नको. पोरीचं गाठोडंही राहू दे तिथंच.”

ते मी आतून ऐकलं. ह्यांनीही ऐकलं. ह्यांचा भादरलेला हात पिठात होता.

“माय कुठं?” बाहेर कुंदाचा आवाज.

“मांडे करते आहे!” मी आतूनच ओरडले. “दार लावलंय, मांड्याला नजर लागते!”

“आणि व्याही?” वच्छलाबाई.

“मळ्यात!”

आम्ही भराभर करत सुटलो. मी वाफ जायला दार जरा किलकिलं केलं, तेवढ्या फटीतून एकेक मांडा कुंदाच्या हाती द्यायचा. पहिल्याच मांड्याला तिनं आत डोकावलं, बापाला चुलीपुढे पाहिलं, आणि तोंडात पदर कोंबून पळाली. मला वाटलं, निभावलं.

पण वच्छलाबाईंना हसणारी सून सोसत नाही. “काय गं, मांड्यात काय हसण्यासारखं आहे?” असं म्हणत त्या उठल्या. पावलं ऐकू आली. आम्हांला उठता येईना, कारण आमच्या हातांवर मांडा होता, अर्ध्यावर आलेला, झिरझिरीत. कोणीही हललं असतं तर गेला असता.

दार उघडलं. व्याही समोर पाहून वच्छलाबाईंनी आधी पदर ओढला. मग तोंड उघडलं.

“व्याहीबुवा, तुम्ही मळ्यात होता ना?”

“आत्ताच आलो,” हे म्हणाले. हातावर मांडा तसाच.

“टाका तो आधी! फाटेल!” वच्छलाबाई ओरडल्या. काहीही असो, बाई स्वयंपाकातली जाणती. आम्ही टाकला. नीट पडला.

मग त्या वाकल्या आणि माझ्या डाव्या हातावरचा पदर बाजूला सारला. वाळलेला हात, त्यावर वनाची ती चित्तेगिरी. कुंदा दारात आली होती. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, म्हणजे ते अजून जुंपलेलेच होते.

“बिब्ब्याचे डाग आहेत,” मी म्हटलं. “नसांना सूज आली होती. पाचोऱ्याचे डॉक्टर...”

वच्छलाबाईंनी डॉक्टरला बोलूच दिलं नाही. त्यांनी माझ्या दंडाला नखांनी करकचून चिमटा घेतला, आणि तोच हात धरून वर उचलला. सळई पुन्हा फिरली.

मला वाटतं, माझी सासू, आई आणि सगळ्या आज्या एकाच वेळी माझ्या तोंडून बोलल्या.

“ए म्हसडे! सोड मना हात! तुना हात मोडो, तुन्या सात पिढ्यांचे हात मोडो!”

विहिणीला असं कोणी बोललं तर सोयरीक तिथंच तुटते. कुंदा भिंतीला टेकून खाली बसली.

वच्छलाबाईंनी हात अलगद खाली ठेवला, पदरही परत घातला.

“माझ्या मामेसासऱ्यांना महारोग होता,” त्या म्हणाल्या. “पायाखाली निखारा आला तर त्यांना वासावरून कळे. हा हात जिवंत आहे, चांगलाच जिवंत.” मग कुंदाकडे वळून, “आणि ह्या बाईनं मला म्हैस म्हटलं.”

“म्हसडी,” ह्यांनी सुधारलं.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वच्छलाबाई दाराकडे वळल्या होत्या.

“अरे, बैलं सोड!” त्या बाहेर ओरडल्या. “आणि पोरीचं गाठोडं उतरव!”

जेवताना त्यांनी मांडे आधी तिखट रशीशी, आमच्याकडच्या आमटीशी, खाल्ले, मग आमरसाशी. मग म्हणाल्या, “डावीकडची कड जाड राहिली.”

“ती ह्यांची बाजू,” मी म्हटलं.

“तरी आमच्याकडे कोणी पुरुष बायकोसाठी चुलीपुढं येणार नाही,” त्या म्हणाल्या आणि आणखी एक घेतला.

डॉक्टर खरे निघाले. हात आला, पण सरकारी कामासारखा, सावकाश आणि पूर्ण नाहीच. आता कानापर्यंत वर जातो. त्याच्यावर नेला की पंख बाहेर येतो आणि नातवंडं हसतात. मांडे मी माझे मला करते. तरी दर आखाजीच्या आधी हे न बोलता भटूकडे जाऊन येतात आणि स्वच्छ हात घेऊन माझ्या डावीकडे बसतात. गरज उरली नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. भटूही आता मिशीचं विचारत नाही.