ज्वारीच्या पिठातलं पाऊल

आष्टीत माझी ख्याती भुतं न मानणारा मास्तर अशी. चिंचेखाली कुणाला काही दिसलं असं कानावर आलं, की मी मुद्दाम तिथं जाऊन विडी ओढून यायचो. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, देव विहिरीत सोडले, गावाची मेलेली गुरं ओढणं सोडलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. तेव्हापासून जुनं काही घरात शिरलं की माझं डोकं फिरायचं.

बहात्तरच्या दुष्काळात ते असंच फिरलं. मी जाफराबादेला शाळेवर होतो, घरी माय आणि धाकटा भाऊ भिवा. रेशनवरचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मायला पचेना, तिनं अंथरूण धरलं. शेवटी भिवानं रखमाजी पाटलाचा मेलेला बैल ओढून गावाबाहेर नेला आणि पायलीभर ज्वारी आणली. शनिवारी मी घरी आलो, हे ऐकलं आणि ज्वारीचं गाठोडं रस्त्यावर भिरकावलं. भिवाला म्हणालो, "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नको." मातीतली ज्वारी वेचून त्यानं मायच्या उशाशी ठेवली आणि निघून गेला.

पाच वर्षांनी मनमाडहून तार आली. भिवा तिथं हमाली करायचा, तो तापानं गेला होता. मी पोचलो तोवर तिथल्या लोकांनी त्याला आगही दिली होती.

मी परतलो त्याच संध्याकाळी मायनं भिवाच्या झोपायच्या कोपऱ्यात, जात्याशेजारी, ज्वारीचं पीठ पसरलं आणि कडेला तेलाचा दिवा ठेवला. ही जुनी रीत. गेलेला माणूस एकदा घरी येऊन जातो आणि पिठात खूण ठेवतो म्हणतात.

"माय, हे आपण सोडलंय," मी म्हणालो.

"तू सोडलंस. मला फकस्त बघायचंय, तो आल्ता का न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं माझं ऐकलं नाही. दाराला आतून कडी मीच लावली.

सकाळी तिनं माझ्यादेखत कडी काढली आणि घागर घेतली. "आधी पानी आनते, हातपाय धुते, मंग बघते. तवर तू तिकडं जाऊ नको."

ती वळणाआड गेली आणि मी केरसुणी उचलली. ती यायच्या आत सगळं झाडून टाकायचं, म्हणजे वादच मिटला, असा माझा शहाणपणा.

पिठात एक पाऊल होतं. डावं. त्याला करंगळी नव्हती.

लहानपणी सरपण फोडताना माझ्याच हातून कुऱ्हाड सुटली होती आणि भिवाची करंगळी गेली होती. ते पाऊल मी कुठंही ओळखलं असतं. टाच खोल उमटली होती आणि बोटं मायच्या अंथरुणाकडं वळलेली होती.

मागं सरताना दिव्याला लाथ बसली, सांडलेल्या तेलावरून पाय सटकला आणि मास्तरसाहेब केरसुणीसकट जात्यावर आपटले. डोकं मागून फुटलं. उठायची धडपड केली त्यात सगळं पीठ हातापायांनी विस्कटलं.

माय आली. पिठाची मूठ भरून तिनं जखमेत दाबली. रक्त थांबवायला आमच्याकडं तेच करतात. एक मूठ, मग दुसरी. ते पीठ कोणतं हे मला कळत होतं, पण तिचा हात मला धरवेना.

शेजारच्या संपतनं आम्हाला परतूरच्या एसटीत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं.

"जखमेत हे काय भरलंय?"

"पीठ."

"कशावरून घसरलात, मास्तर?"

त्यांनी पाणी ओतून ओतून जखम धुतली. लालसर पीठ खालच्या पांढऱ्या ट्रेमध्ये गळत राहिलं. माय स्टुलावर बसून त्या ट्रेकडंच बघत होती. सात टाके पडले. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"साहेबराव, पीठ इस्कटायच्या आधी तू बघितलं असशील. व्हतं का काही?"

आला होता, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर माझी सगळी मास्तरकी गेली असती. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी हाकलल्यावरही तो आपल्या मायला बघायला आला, हे तिच्यासमोर कबूल करावं लागलं असतं. मला भीती वाटली. लाजही वाटली.

"काहीच नव्हतं, माय."

तिनं मान हलवली आणि पदर सारखा केला.

"बराबर हाय. तू म्हनला व्हतास, पाऊल ठेवू नको. आईकलं त्यानं तुझं. ल्हानपनापासून आईकायचा."

कंपाउंडरनं ट्रे उचलला आणि मोरीत रिकामा केला.

आठव्या दिवशी टाके निघाले. मायनं कोपरा सारवून घेतला, पुन्हा कधी पीठ पसरलं नाही. याला आता दोन वर्षं झाली. झोपताना मी दार नुसतं लोटून घेतो. माय अंथरुणातून विचारते, "कडी का न्हाई लावत?"

गंजलीय, असं मी रोज सांगतो.