मीठ बघून सांग

टोमॅटो इतके स्वस्त झाले होते की उरलेला माल परत न्यायचाही विकणाऱ्यांना कंटाळा येत होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागलेले, आणि बाजार उठायच्या सुमाराला तर न्या हो, कसेही न्या, अशी विनवणी. एरवी पाव किलो घेताना चार वेळा घासाघीस करणारी माणसंसुद्धा या दिवसांत नुसती पिशवी पुढे करतात. आचाऱ्याने मात्र यंदाही एकेक टोमॅटो हातात घेऊन पाहिला. देठाजवळ हिरवा नको, साल ताणलेली हवी, अंगठ्याने दाबला तर जरासा दबायला हवा. हे सगळं हाताला आणि डोळ्यांना कळत होतं. तीन क्रेट भरले, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं.

आचारी कारखान्याच्या कॅन्टीनचा. तीस वर्षं रोज चारशे माणसं त्याच्या हातचं जेवत आली होती. हाताला चव आहे, असं लोक म्हणायचे, ते त्याला पटायचं नाही. चव नाकाला असते, हात नुसता हमाल, असं त्याचं म्हणणं. ते नाक चार महिन्यांपूर्वी तापात गेलं आणि जाताना जिभेलाही सोबत घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित येणारही नाही, वाट बघा. वाट बघायला सांगायला डॉक्टरांचं काय जातं?

ही गोष्ट त्याने बायकोशिवाय कोणालाच सांगितली नव्हती. रजा आता संपत आली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणून त्याने स्वतःचीच परीक्षा लावली. दरवर्षीसारखा सॉस करायचा आणि बाटल्या भरेपर्यंत कोणालाही चव विचारायची नाही. जमला तर सोमवारी कामावर, फसला तर राजीनामा. बायको म्हणाली, कशाला जिवाला लावून घेताय, घरात नुसते बसलात तरी मला चालेल. पण ते त्याला चालणार नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं मागच्या अंगणात बसली. पहिला टोमॅटो कच्चा खायचा, हा त्याचा दरवर्षीचा नेम. शर्टावर रस सांडू नये म्हणून पुढे वाकून तो चावला. पूर्वी या एका घासात त्याला सगळा हंगाम कळायचा, यंदा आंबटपणा किती, साखर किती लागेल, सगळं. आता तोंडात काहीतरी गार आणि ओलं आलं, बस. त्याने ते गिळलं. बायको बघत होती, म्हणून हसलाही.

बाकी काम झकास चाललं. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकले, साली तडकल्या, गर चाळणीतून घासून काढला. लवंग, दालचिनी आणि मिऱ्यांची पुरचुंडी बांधून पातेल्यात सोडली. कांदा-लसणाचं वाटण गेलं, साखर गेली, मीठ त्याने ओंजळीने घातलं. ओंजळ तीस वर्षांत चुकली नव्हती. रंग गडद होत गेला तसा त्याचा चेहराही उजळला. शेवटी थेंबभर सॉस थाळीत टाकून थाळी तिरकी केली, तर थेंबाभोवती पाणी सुटायची लक्षणं जवळजवळ संपली होती. आता दहा मिनिटं मंद आचेवर, की झालं. तेवढ्यात उन्हात उपड्या घातलेल्या बाटल्या पुसून घ्याव्यात म्हणून तो पुढच्या अंगणात गेला.

ही त्याची नेहमीचीच पद्धत. पातेलं सोडून तो खुशाल इकडेतिकडे जायचा, कारण काही बिनसलं तर नाक हाक मारायचं. दहा मिनिटांची वीस झाली. तो परत आला तेव्हा बायको गॅस बंद करून पातेल्याशी उभी होती. वरचा सॉस तुम्ही भरा, खालचं मी काढते, तुमची कंबर धरेल, असं म्हणून तिने डाव त्याच्या हातात दिला. बत्तीस बाटल्या भरल्या. सॉस असा लालबुंद की नजर लागावी. मग बायको जरा दुकानात जाऊन येते म्हणाली आणि चांगली तासाभराने रिकाम्या हाताने परतली.

दुपारी त्याने वाटायला सुरुवात केली. समोरच्या शिंपीणबाईंनी चमचाभर चाखला आणि म्हणाल्या, दरवर्षीपेक्षा उजवा झालाय. कोपऱ्यावरच्या निवृत्त पोस्टमनने बोट चाटून मान डोलावली. तरीही त्याचा जीव टांगलेलाच होता. खरी परीक्षक होती ती त्याची थोरली बहीण. ताई म्हणजे फटकळपणाची कमाल. स्वतःच्या लग्नाच्या जेवणालाही तिने नावं ठेवली होती. ती आली, ब्रेडवर सॉस लावून उभ्या उभ्याच खाल्ला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चांगला झालाय. जा सोमवारी कामावर."

आचाऱ्याला भरून आलं. तीस वर्षांत ताईच्या तोंडून त्याने हा शब्द ऐकला नव्हता. कामावर जाण्याचं तिला कोणी सांगितलं, हे त्या आनंदात त्याच्या लक्षातच आलं नाही.

ती गेल्यावर उरलेल्या टोमॅटोंची दुसरी खेप लावावी, म्हणून तो पातेलं शोधायला लागला. जागेवर नव्हतं. मोरीतही नव्हतं. शेवटी मागच्या भिंतीआड, पोत्याखाली झाकलेलं सापडलं. त्यातलं पाणी काळं झालं होतं. हात घातला तर तळाला बोटभर जाड खरपुडी लागली, दगडासारखी.

तो तिथेच खाली बसला. इतकं लागल्यावर काय होतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. अशी एक कढई कॅन्टीनमध्ये लागली होती, तेव्हा गेटवरच्या वॉचमनलाही वास गेला होता. म्हणजे सकाळपासून साऱ्या गल्लीत जळका वास भरून राहिला होता. शिंपीणबाईंना आला, पोस्टमनला आला, ताईला आला. बायको तासभर कुठे गेली होती, तेही आता त्याला कळलं. ती दारोदार जाऊन हात जोडत होती.

राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने त्याने स्वतःला सावरायचा प्रयत्न केला. नाक गेलं तर घड्याळ लावू, पातेल्याजवळून हलायचंच नाही. चवीचं म्हणाल तर कॅन्टीनमध्ये इतकी माणसं आहेत, कोणालाही चमचा देऊन विचारता येईल. फक्त खरं बोलणारं एक तोंड हवं. एक मिळालं तरी पुरे.

तो आत आला. बायको खिडकीशी बसली होती. त्याने एक चांगला पिकलेला टोमॅटो घेतला, फोडी केल्या, मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मीठ त्या फोडींना चोळलं. वर दिसू नये म्हणून ते विरघळेपर्यंत थांबला. मग बशी तिच्यापुढे धरली.

"मीठ बघून सांग," तो म्हणाला.

बायकोने फोड उचलली. तोंडात घालण्याआधी तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग फोड तोंडात घातली. तिचा जबडा क्षणभर थांबला, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नीट चावून ती गिळली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "अगदी बेताचं."

त्याने बशी बाजूला ठेवली. माठातलं पाणी ग्लासात ओतून तिच्या हातात दिलं. तिने ते एका दमात संपवलं.

"सोमवारी मी जात नाही," तो म्हणाला.

तिने रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.